नावं झाका, मग चित्रं बघा

कलेच्या इतिहासाचा पेपर जवळ आला की सनावळ्या घोकण्याआधी दोन चित्रं शेजारी ठेवा आणि खालची नावं हाताने झाका. राजा रविवर्मांच्या चित्रात साडीचा जरीकाठ, दागिन्यांची चमक नीट रंगवलेली दिसते. अमृता शेरगिल यांच्या १९३५ च्या ‘तीन मुली’त कापड म्हणजे जवळजवळ सपाट रंग, आणि नजरा झुकलेल्या. हा फरक वहीत पेन्सिलीने काढा, काडेपेटीएवढा पुरे. हाताखालून गेलेलं चित्र सहसा विसरत नाही.

नागपुरात शिकत असाल तर सुरुवात चित्रकार सय्यद हैदर रझांपासून करा. १९३९ ते १९४३ ते इथल्याच नागपूर स्कूल ऑफ आर्टमध्ये होते. त्यांची १९४० च्या दशकातली जलरंगातली दृश्यं आणि नंतरच्या चित्रांतला तो काळा बिंदू, म्हणजे मोठा काळा गोल, एकदा शेजारी ठेवून बघाच.