पोर्टर बिअर चाखावी आणि पारखावी कशी

थालीपिठाची भाजणी ज्या घरात होते, तिथल्या माणसाला पोर्टर समजायला वेळ लागत नाही. ज्वारी, बाजरी, हरभरा डाळ, उडीद, धने सगळं वेगवेगळं भाजायचं. प्रत्येकाची आच वेगळी, वेळ वेगळी. धने जरा जास्त भाजले गेले तरी सगळं पीठ करपट लागतं. पोर्टरमध्ये हेच काम माल्टवर होतं. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेली बार्ली. तिचे कमी-जास्त भाजलेले तीन-चार प्रकार एकत्र करून ही बिअर बनते. म्हणून पोर्टर पारखताना मुख्य प्रश्न एकच ठेवावा: ही खमंग आहे की करपट? रंग, फेस, कडवटपणा, गोडवा हे सगळं त्या प्रश्नाला धरूनच येतं.

मध्य प्रदेशात दारू पिण्याचं कायदेशीर वय २१ आहे, आणि पुढचं सगळं त्या वयाच्या पुढच्यांसाठी. गाडी चालवायची असेल तर चाखणं दुसऱ्या दिवसावर ढकला.

आधी पोर्टर कोणती ते विचारा

इंदूरच्या मायक्रोब्रुअरीत नळावर गडद बिअर असेल, तर ‘डार्क आहे’ एवढ्या उत्तरावर थांबू नका. इंग्लिश पोर्टरमध्ये अल्कोहोल साधारण ४ ते ५.४ टक्के आणि कडवटपणा १८ ते ३५ आयबीयू (बिअरचा कडवटपणा मोजायचं एकक) असतो. अमेरिकन पोर्टर ४.८ ते ६.५ टक्क्यांची, कडवटपणा २५ ते ५०, भाजलेपणाही जास्त ठळक. बाल्टिक पोर्टर ६.५ ते ९.५ टक्क्यांची, ती बहुधा लागर जातीच्या, थंडीत काम करणाऱ्या यीस्टने आंबवतात, म्हणून दमदार असूनही घशाला मऊ लागते. बाल्टिक प्यायल्यावर छातीत हलकी ऊब आली तर तो गुण. साडेचार टक्क्यांच्या इंग्लिश पोर्टरमध्ये तसंच झालं तर आंबवताना काहीतरी बिघडलं आहे. प्रकार माहीत नसेल तर निवाडा चुकणारच.

नावाची गोष्ट छोटी आहे. पोर्टर म्हणजे हमाल. सियागंजात पोती वाहणारे असतात तसे लंडनच्या रस्त्यांवर आणि धक्क्यांवर ओझी वाहणारे लोक अठराव्या शतकात ही बिअर आवडीने पीत, त्यांचंच नाव तिला चिकटलं. त्या काळी सगळी मदार तपकिरी माल्टवर होती. १८१७ मध्ये डॅनियल व्हीलर याने माल्ट भाजायच्या फिरत्या ढोलाचं पेटंट घेतलं आणि कृती बदलली: बहुतेक सगळं फिकट माल्ट, आणि रंग-चवीपुरतं थोडं काळं. आजच्या पोर्टरमध्येही फिकट माल्ट साधारण तीन-चतुर्थांश किंवा त्याहून जास्त असतं. उरलेल्यात तपकिरी, क्रिस्टल आणि चॉकलेट माल्ट. या शेवटच्यात चॉकलेट अजिबात नसतं, ते नाव रंगावरून आणि चवीवरून पडलं.

स्टाउटशी गल्लत होते, कारण पूर्वी जास्त दमदार पोर्टरलाच ‘स्टाउट पोर्टर’ म्हणत. आज ढोबळ खूण अशी की स्टाउटमध्ये मोड न आणता काळी भाजलेली बार्ली वापरतात, तिच्यामुळे कडक काळ्या कॉफीची चव पुढे येते. पोर्टरमध्ये कोको आणि पावाच्या तपकिरी कडेची चव पुढे असते. सीमा पक्की नाही, तेवढ्यावरून गुण कापू नयेत.

जीभ, नाक आणि ग्लास

चाखण्याआधी तासभर काही तिखट खाऊ नका. जिरावण घातलेले पोहे, लसणी शेव, सराफ्यातला गराडू, हे सगळं नंतर. मसाला आणि तेल जिभेवर बसलं की पोर्टरमधला बारीक गोडवा कळतच नाही. बडीशेप, पान, अत्तर, खोलीतली उदबत्ती हेही टाळा. दोन घोटांच्या मध्ये साधा पाव आणि पाणी पुरतं. पाणी क्लोरीनच्या वासाचं नको. इंदूरच्या नळाला जलूदहून येणारं नर्मदेचं पाणी निर्जंतुक केलेलं असतं, तेव्हा गाळलेलं किंवा उकळून थंड केलेलं घ्या.

ग्लास वर थोडा निमुळता असावा. ट्यूलिप आकार उत्तम, तो नसेल तर वाइनचा ग्लास चालेल. स्टीलच्या पेल्यात रंग दिसत नाही. ग्लासला तेलाचा किंवा साबणाचा अंश राहिला तर फेस बसतो आणि दोष बिअरच्या माथी येतो. तपासायची सोपी रीत: ग्लास आतून ओला करा आणि मीठ भुरभुरा. मीठ सगळीकडे सारखं चिकटलं तर ग्लास स्वच्छ. जिथे चिकटत नाही तिथे तेलकटपणा आहे. मग नीट विसळून निथळू द्या. फडक्याने आतून पुसू नका, फडक्याचा वास लागतो.

तापमान: सगळ्यात जास्त चुका इथे होतात

आपल्याकडे बिअर जितकी थंड तितकी चांगली असा समज पक्का आहे. पोर्टरच्या बाबतीत तो नुकसानीचा आहे. ४ अंशांवर वास जवळजवळ उठत नाही, गोडवा दबतो आणि फक्त कडवटपणा व कोरडेपणा हाताला लागतो. खमंग पोर्टरही तेव्हा करपट वाटू शकते. सुरुवात १० अंशांवर करा आणि १४-१५ अंशांपर्यंत चाखत राहा.

फ्रिजमधली ३३० मिलिलिटरची बाटली मे महिन्यात खोलीत साधारण पंधरा मिनिटं ठेवली की पुरतं. डिसेंबर-जानेवारीत अर्धा तास लागतो. नळावरची बिअर थंडच येते, म्हणून ग्लास दोन्ही तळव्यांत पाच-सात मिनिटं धरा. स्वयंपाकघरातला साधा थर्मामीटर असेल तर अंदाजावर विसंबायला नको. गोठवलेला ग्लास समोर आला तर परत करा आणि साधा मागून घ्या.

बाटली किंवा कॅन घेताना तारीख बघा. साधी पोर्टर तीन-चार महिन्यांच्या आतली असेल तर बरं, बाल्टिक जास्त टिकते. उन्हाळ्यात दुकानाच्या फ्रिजमधलीच घ्या. गाडीच्या डिकीत दुपारभर तापलेली बिअर पुन्हा थंड केली तरी गेलेली चव परत येत नाही.

ओतणं आणि पहिला वास

ग्लास तिरपा धरून १०० ते १२० मिलिलिटर ओता, शेवटी सरळ करा म्हणजे वर बोटभर फेस येईल. ग्लास तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त भरू नका, वासाला जागा हवी.

ओतल्यावर लगेच, पहिल्या अर्ध्या मिनिटात, दोन-तीन छोटे हुंगे घ्या. काही वास फार लवकर उडून जातात, म्हणून रंग बघण्याआधी नाक. नंतर ग्लासवर तळवा ठेवा, हलकेच फिरवा, तळवा काढून पुन्हा हुंगा. लांब श्वास ओढू नका, नाक लगेच थकतं. थकलं तर स्वतःच्या बाहीचा वास घ्या आणि पुन्हा या.

वासाला शब्द सापडत नाहीत ही सगळ्यांची अडचण, आणि तिचा उपाय स्वयंपाकघरात आहे. सहा वाट्या मांडा: फुटाणे, कोको पावडर, काकवी, काळ्या मनुका, भाजून तपकिरी केलेला पावाचा तुकडा, आणि तव्यावर मुद्दाम करपवलेला भाकरीचा तुकडा. एकेक हुंगा, मग बिअर हुंगा. पहिल्या पाचांपैकी दोन-तीन वास सापडले तर पोर्टर ठिकाणावर आहे. सहावी वाटी सगळ्यांवर चढून बसली असेल तर नाही. वास लिहून काढल्याशिवाय घोट घेऊ नका. चव कळली की वासाची आठवण बदलते.

आता रंग. ग्लास उजेडासमोर धरा किंवा मागून मोबाइलचा टॉर्च लावा. वरून काळी दिसणारी पोर्टर कडेला लालसर, डाळिंबी चमकते. फेस बदामी रंगाचा हवा, आणि पिताना ग्लासच्या आतल्या बाजूला त्याची जाळी राहावी.

घोट

२०-२५ मिलिलिटरचा घोट घ्या, तोंडभर फिरवा, गिळा, आणि ओठ मिटून नाकाने श्वास सोडा. गिळायचं कारण, मागे रेंगाळणारी चव आणि कडवटपणा त्यानंतरच पुरता कळतो. अर्धी चव या सोडलेल्या श्वासात असते.

क्रम लक्षात घ्या. आधी गोडवा येतो: पाव, टॉफी, काकवी. मध्ये भाजलेपणा: कोको, शेंगदाण्याची साल, हलकी कॉफी. शेवटी हॉप्सचा (बिअरमध्ये कडवटपणासाठी घालतात त्या वेलीच्या फुलांचा) आणि काळ्या माल्टचा कडवटपणा. चांगल्या पोर्टरमध्ये एक चव दुसरीच्या हातात हात देते. गोडवा शेवटपर्यंत चिकटून राहिला तर आंबवणं अपुरं राहिलं असेल. गोडवा आलाच नाही आणि थेट कोरडा, राखेसारखा कडवटपणा लागला तर काळं माल्ट जास्त झालं आहे. गिळून झाल्यावर दहा सेकंद थांबा. तोंडात कोको उरला तर खमंग, कोळसा उरला तर करपट.

तोंडातली जाडी मध्यम असावी. पन्ह्याइतकी दाट नको आणि सोड्यासारखी पातळ नको. वायू मध्यम किंवा त्याहून थोडा कमी, जिभेला टोचणारा नसावा.

पाच मिनिटांनी दुसरा घोट, पंधरा मिनिटांनी तिसरा. चांगली पोर्टर कोमट होताना उघडत जाते, मनुका आणि टॉफी तेव्हाच दिसतात. दोष असतील तर तेही तेव्हाच मोठे होतात.

काय बिघडलं आणि कशामुळे

लोणी किंवा बटरस्कॉचचा वास, जिभेवर तेलकट निसरडेपणा: डायअ‍ॅसिटिल. यीस्टला शेवटी पुरेसा वेळ न देता बिअर थंड केली, किंवा जंतू शिरले. इंग्लिश पोर्टरमध्ये अगदी पुसट असेल तर सोडून द्या, ठळक असेल तर दोषच. हाच वास आंबटपणासोबत आला तर नळाची नळी मळलेली असण्याची शक्यता मोठी. ती दर दोन आठवड्यांनी धुवायला हवी. विचारायला संकोच करू नका.

हिरव्या सफरचंदाचा वास म्हणजे बिअर कोवळी असताना काढली. ओल्या पुठ्ठ्याचा वास म्हणजे हवा लागली आणि उष्णतेने काम पूर्ण केलं. जुन्या पोर्टरमध्ये सोया सॉससारखी झाक येते, ती बाल्टिकमध्येही फार नको. व्हिनेगरचा आंबटपणा सरळ नापास.

जखमेवरच्या चिकटपट्टीसारखा दवाखान्याचा वास क्लोरीनमुळे येतो: पाण्यातला क्लोरीन न काढताच बिअर बनवली, किंवा भांडी क्लोरीनने धुऊन नीट विसळली नाहीत. गडद माल्टखाली तो दडतो, म्हणून १४ अंशांनंतर पुन्हा शोधा.

पाण्याचा आणखी एक दोष पोर्टरचा खास आहे. काळं माल्ट आम्लधर्मी असतं. लंडनच्या पाण्यातला चुन्याचा अंश ते आम्ल झेलून घ्यायचा, म्हणून तिथे गडद बिअर जमली. मालव्यातलं बोअरचं जड पाणी पोर्टरला एका परीने सोयीचं, पण ब्रुअरने पूर्ण आरओ पाणी घेतलं आणि क्षार पुन्हा घातले नाहीत तर माल्ट आणि पाण्याच्या मिश्रणाचा पीएच ५.२ च्या खाली घसरतो. मग बिअर धारदार, आंबूस आणि कडवट लागते. हा आंबटपणा जंतूंच्या आंबटपणाहून वेगळा: व्हिनेगरचा वास नसतो, नुसती धार असते. उलट बाजूने, माल्टमधला उरलेला गोडवा काढून घेताना दाणे फार गरम किंवा अल्कधर्मी (आम्लाच्या उलट) पाण्याने जास्त धुतले तर सालीतलं टॅनिन उतरतं आणि जास्त उकळलेल्या चहासारखं तोंड कोरडं पडतं. कडवटपणा जिभेवर कळतो, हा कोरडेपणा हिरड्यांवर आणि गालांच्या आत. दोन्ही एकच समजून ‘कडू आहे’ लिहिणं ही नवख्यांची नेहमीची चूक.

गुण

१९८५ पासून चालणाऱ्या अमेरिकेतल्या बीजेसीपी या परीक्षक-संस्थेची ५० गुणांची पद्धत घरीही सोयीची आहे: वास १२, रूप ३, चव २०, तोंडातला स्पर्श ५, एकूण प्रभाव १०. ३८ किंवा त्याहून जास्त उत्कृष्ट, ३० ते ३७ फार चांगली, २१ ते २९ बरी. रूपाला फक्त ३ गुण आहेत हे लक्षात ठेवा. देखण्या फेसाला भुलून चवीचे गुण वाढवू नका.

एका बैठकीत चारहून जास्त नमुने नकोत, आणि क्रम हलक्याकडून दमदारकडे. स्वतःची जीभ तपासायची असेल तर कोणाला तरी तीन ग्लास भरायला सांगा, दोनांत एक बिअर, तिसऱ्यात दुसरी. वेगळा ग्लास ओळखता आला नाही तर त्या दोन बिअरमधल्या फरकाबद्दल काही लिहू नका.

नोंद अशी असावी: ‘इंग्लिश पोर्टर, नळावरची, १० अंशांवर सुरुवात. वास: पावाची कड, कोको, पुसट मनुका, लोणी नाही, ९. रूप: डाळिंबी कड, बदामी फेस टिकतो, ३. चव: टॉफी, मग कोको, कडवटपणा मध्यम, शेवट कोळशाकडे जात नाही, १५. स्पर्श: मध्यम जाडी, पण १४ अंशांनंतर गालांच्या आत चहासारखा कोरडेपणा, ३. एकूण ७. बेरीज ३७.’ असा कागद ब्रुअरच्या हातात दिला, तर दाणे धुण्याचं पाणी आधी तपासायचं हे त्याला लगेच कळतं.