पेप्टाइडवर प्रोजेक्ट करताय? आधी प्लेट कशाची आहे ते बघा

एमएस्सीच्या प्रोजेक्टचा विषय ‘सागरी प्राण्यांवरून बनवलेली पेप्टाइड्स’ (म्हणजे अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्या) आहे म्हटल्यावर आईने विचारलं, “म्हणजे आता दिवाळे गावच्या कोळ्यांबरोबर होडीत जाणार का?” मलाही थोडं तसंच वाटलं होतं. प्रत्यक्षात सहा महिन्यांत मासळी दिसली ती फक्त डब्यात.

माझं पेप्टाइड प्लुरोसिडिन या बॅक्टेरिया मारणाऱ्या पेप्टाइडवरून घेतलेलं. उत्तर अटलांटिकमधल्या विंटर फ्लाउंडर या चपट्या माशाच्या (आपल्या लेपाचा लांबचा भाऊबंद) अंगावरच्या बुळबुळीत स्रावात ते सापडलं. २५ अमिनो आम्लांची साखळी. क्रम कळला की मासा लागत नाही; रेझिनच्या मण्यांवर एकेक अमिनो आम्ल जोडत जातात. या पद्धतीबद्दल ब्रूस मेरिफिल्ड यांना १९८४ चं नोबेल मिळालं. आम्ही अर्थात विकतच घेतलं, आणि शुद्धीकरणातला टीएफए (ट्रायफ्लुरोअ‍ॅसिटिक आम्ल) त्याच्यासोबत येतो हे मला ठाऊकच नव्हतं. पेशींवरच्या चाचण्यांत तो लुडबुड करतो. ऑर्डर देतानाच अ‍ॅसिटेट किंवा क्लोराइड क्षार मागा.

मग बॅक्टेरिया. एमआयसी (बॅक्टेरियाची वाढ थांबवणारी किमान मात्रा) सोमवारी मिलिलिटरला ८ मायक्रोग्रॅम यायची, गुरुवारी ३२. दोन महिने मी स्वतःच्या हाताला, ई. कोलाय या बॅक्टेरियाला, अगदी महापेच्या विजेलाही दोष दिला. शेवटी एका सीनियरने चाचणीची प्लास्टिकची प्लेट उलटी करून पाहिली: पॉलिस्टायरीन! धनभारित पेप्टाइड तिच्या भिंतींना चिकटतं, बॅक्टेरियापर्यंत पुरेसं पोचतच नाही. पॉलिप्रोपिलीनची प्लेट घेतली आणि आकडे जागेवर आले.

पुढचा टप्पा कॅन्सरपेशींचा. त्यांच्या बाह्य आवरणावर फॉस्फॅटिडिलसेरिन हा ऋणभारित मेदरेणू येतो, म्हणून बॅक्टेरियासारखाच तिथेही ऋणभार जास्त असतो. पेप्टाइड तिकडे ओढलं जातं ते त्यामुळे. एमटीटी चाचणीत (जिवंत पेशी असतील तर जांभळा रंग येतो) जांभळा रंग फिका पडलेला पाहून मी खूश! गाइड शांतपणे म्हणाल्या, “साबणाच्या पाण्यानेही पेशी मरतात. लाल रक्तपेशींचं काय?” ते करायचंच राहिलं होतं. आम्ही क्रमात पाण्यापासून पळणारी अमिनो आम्लं वाढवली होती. त्याच मात्रेला रक्तपेशीही फुटल्या. अर्धा प्रबंध नव्याने लिहिला. हिमोलिसिस (लाल रक्तपेशी फुटतात का, ही चाचणी) पहिल्याच आठवड्यात करा, बाकी सगळं नंतर.

मारणं सोपं, वेचून मारणं अवघड. समुद्री गोगलगायीसारख्या प्राण्यात सापडलेलं डोलॅस्टॅटिन १० फार जहाल ठरलं. त्याच्याच धर्तीवरचा कृत्रिम रेणू ठरावीक पेशींनाच चिकटणाऱ्या अँटिबॉडीला बांधला, तेव्हा कुठे २०११ मध्ये ब्रेन्टुक्सिमॅब व्हेडोटिन हे कॅन्सरवरचं औषध अमेरिकेत मंजूर झालं.

नवी मुंबईत राहत असाल तर खारघरच्या टाटा मेमोरियलच्या कॅन्सर-संशोधन केंद्राच्या, म्हणजे अ‍ॅक्ट्रेकच्या विद्यार्थी-प्रशिक्षणाच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा. अर्जात ‘समुद्राची आवड’ लिहू नका. मी लिहिलं होतं. पेशी-संवर्धन हाताने केलंय का, तेवढंच विचारतात.