शिडाच्या बोटीवर भोंगा आणि हेलर बसवताना

गोव्याच्या किनाऱ्यावर दाट धुके वर्षातून मोजक्याच पहाटे उतरते, तेही बहुधा थंडीत आणि नदीच्या अंगाने. त्यामुळे भोंग्याचे काम दरवेळी पुढच्या हंगामावर ढकलले जाते. पण टक्कर टाळण्याच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांनी कमी दृश्यमानतेत धुक्याबरोबर मुसळधार पाऊसही धरला आहे. मे महिन्यातली वळवाची सर किंवा ऑक्टोबरातला परतीचा पाऊस मांडवीच्या मुखाशी गाठतो, तेव्हा आग्वादचा डोंगरही दिसेनासा होतो. त्याच पाण्यात मालीमहून सुटलेले ट्रॉलर असतात, कधी खनिजाची बार्जही असते. आपल्याकडे भोंगा लागतो तो या पावसासाठी.

कोणता घ्यायचा ते बोटीची लांबी ठरवते. १२ मीटरपेक्षा लहान बोटीला ठराविक शिट्टीची सक्ती नाही, पण परिणामकारक आवाज करता येईल असे काहीतरी साधन हवेच. १२ मीटर आणि त्याहून लांब बोटीला प्रमाणित शिट्टी लागते. २० मीटरच्या आतल्या बोटींसाठी तिची ढोबळ मोजणी १ मीटर अंतरावर १२० डेसिबल आणि पल्ला अर्धा सागरी मैल अशी आहे. दिवाडीत बांधलेल्या नौदलाच्या ‘म्हादेई’ आणि ‘तारिणी’ या शिडाच्या बोटी १२ ते २० मीटरच्या या वर्गात येतात. २० मीटरपासून पुढे घंटाही लागते.

लहान बोटीसाठी सर्वांत उपयोगी जोडणी म्हणजे हेलरची (बोलणे मोठ्या आवाजात बाहेर ऐकवण्याची) सोय असलेला व्हीएचएफ रेडिओ संच आणि डोलकाठीवर ४ ओहमचा, ३० वॉटचा जलरोधक हॉर्न स्पीकर. एकाच स्पीकरमधून बोलता येते, धुक्याचे संकेत आपोआप देता येतात, आणि बहुतेक संचांत दोन संकेतांच्या मध्ये तोच स्पीकर मायक्रोफोन होऊन पुढचा आवाज कॉकपिटमध्ये ऐकवतो. पावसात ट्रॉलरचे इंजिन दिसण्याआधी ऐकू येते, तेव्हा या सोयीची किंमत कळते. नुसता १२ व्होल्टचा भोंगा स्वस्त आणि सुटसुटीत, पण तो ऐकत नाही. गॅसच्या डब्याचा भोंगा खाऱ्या हवेत बुडाकडून गंजतो, त्याच्यावर भिस्त ठेवू नये. तोंडाने फुंकायचा भोंगा मात्र कॉकपिटच्या कप्प्यात असू द्या. बॅटरी बसली तरी तो वाजतो.

जागा

डोलकाठीची पुढची बाजू, पहिल्या स्प्रेडरच्या (डोलकाठीवरच्या आडव्या दांडीच्या) थोडे खाली. नाळेवरच्या कठड्यावर बसवणे सोपे वाटते, पण तिथे प्रत्येक लाट थेट तोंडात जाते. डोलकाठीवर धोका वेगळा: बोट वळवताना पुढचे शीड स्पीकरवरून घासत जाते आणि कडेला अडकते. म्हणून स्पीकरभोवती स्टीलच्या सळईची गोलसर जाळी बसवा. इंजिनावर चालताना लावायच्या दिव्यालाही तीच राखते. हालयार्ड, म्हणजे शीड वर चढवायचा दोर, आत गुंतत नाही ना, हे सैल दोर हाताने हलवून पाहा.

स्पीकरचे तोंड सरळ पुढे आणि पाच-दहा अंश खाली झुकलेले ठेवा, म्हणजे पाणी साचत नाही. स्पीकरमागे मोठे चुंबक असते. होकायंत्र आणि ऑटोपायलटचा सेन्सर त्यापासून निदान १ मीटर दूर हवेत. पक्के करण्याआधी स्पीकर जागेवर धरून सुई हलते का, ते बघून घ्या.

भोके आणि स्क्रू

ॲल्युमिनियमची डोलकाठी आणि स्टेनलेसचा स्क्रू खाऱ्या पाण्यात एकत्र आले की ॲल्युमिनियम खाल्ले जाते. एका पावसाळ्यानंतर स्क्रूभोवती पांढरी पूड दिसू लागते, दोन-तीन वर्षांत तो फिरवला की मोडतो. उपाय साधा आहे: ब्रॅकेट आणि डोलकाठी यांच्यामध्ये पातळ प्लॅस्टिकची पट्टी, आणि प्रत्येक आट्याला गंजरोधक पेस्ट. एम ५ स्क्रूसाठी ४.२ मिमीचे भोक पाडून आटे पाडायचा टॅप फिरवा. ड्रिलवर टोकापासून ५ मिमी अंतरावर चिकटपट्टी गुंडाळा, कारण आत डोलकाठीच्या टोकावरच्या दिव्याची आणि अँटेनाची केबल असते. जास्त खोल गेलेले ड्रिल तीही कापते. केबलसाठी १२ मिमीचे भोक, कडा कानशीने गोल, त्यात ग्रोमेट, म्हणजे रबरी कडी. केबल भोकात शिरण्याआधी खाली एक झोल सोडा, म्हणजे पाणी झोलाच्या तळातून टपकते, आत जात नाही.

वायर

आवाज कमी पडला की सगळे स्पीकरला दोष देतात. चूक बहुतेक वेळा वायरीची असते. संचापासून स्पीकरपर्यंत १२ मीटर अंतर असेल तर जाऊन-येऊन २४ मीटर तांबे झाले. ०.७५ चौ. मिमीच्या वायरीत त्याचा रोध जवळपास ०.६ ओहम भरतो. ४ ओहमच्या स्पीकरपर्यंत पोचता पोचता चौथा हिस्सा ताकद कमी झालेली असते. २.५ चौ. मिमी घेतली तर तूट दहा टक्क्यांच्या आत येते. ५ अँपिअर ओढणाऱ्या १२ व्होल्टच्या भोंग्याला १० मीटर अंतरावर २.५ चौ. मिमीमध्ये पाऊण व्होल्ट गळतो. त्याला ४ चौ. मिमी घाला.

वायर कल्हई केलेल्या तांब्याचीच हवी. साध्या तांब्यात खारे पाणी तारांच्या मधून वर चढत जाते. जुनी वायर सोलल्यावर आत काळी निघाली तर दोन-तीन इंच मागे जाऊन पुन्हा सोला; तरीही काळीच असेल तर सगळी वायर बदला, नवे टर्मिनल लावून काही साधत नाही. टर्मिनल दाबून बसवा, वरून आतून गोंद असलेली, गरम केल्यावर आवळणारी हीटश्रिंक नळी. डेकवरचा प्लग टाळा. डोलकाठीच्या पायाशी ग्लँड (केबलभोवती पाणी अडवणारी खोबण) लावून केबल थेट केबिनमध्ये घ्या आणि जोड आतल्या डबीत करा. पावसाळ्यात सगळ्यात आधी बिघडतो तो डेकवरचा जोड.

हेलरच्या दोन्ही तारा फक्त स्पीकरलाच जोडायच्या. यातली एक ऋण असेल असे समजून ती बोटीच्या ऋण पट्टीला लावली तर बहुतेक संचांचा ॲम्प्लिफायर जळतो, कारण दोन्ही टोकांवर विद्युतदाब असतो. दोन स्पीकर लावायचे असतील तर ८ ओहमचे घ्या आणि समांतर जोडा, म्हणजे एकूण रोध ४ ओहम राहतो. ४ ओहमचे दोन समांतर लावले तर २ ओहम होतात आणि संच तापतो.

स्वतंत्र भोंग्याला रिले (छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू करणारा स्विच) लावा: त्याच्या ३० क्रमांकाच्या टोकावर बॅटरी, ८७ वर भोंगा, ८६ वर बटण, ८५ वर ऋण. जाड वायर मग कॉकपिटपर्यंत न्यावी लागत नाही. १० अँपिअरचा फ्यूज बॅटरीच्या जवळ, वीतभर अंतराच्या आत.

चाचणी आणि संकेत

भोंगा वाजत असताना त्याच्या टर्मिनलवर मल्टिमीटर लावा. बॅटरीवर १२.६ असताना तिथे १२.२ च्या आसपास दिसले तर ठीक. ११.५ च्या खाली गेले तर जोड तपासत मागे या. चाचणी जेटीवर करताना नुसता एक टिचका आवाज पुरे, आणि डोलकाठीपाशी उभ्या माणसाचे कान झाका. फेरीबोटीच्या वाटेवर उगाच पाच आखूड आवाज दिले तर त्याचा अर्थ ‘तुमचा इरादा कळत नाही’ असा होतो.

कमी दृश्यमानतेत शिडावर असाल तर एक लांब आणि दोन आखूड, जास्तीत जास्त दोन मिनिटांनी. लांब म्हणजे ४ ते ६ सेकंद, आखूड सुमारे १. नदीमुखातून आत येताना आपले इंजिन बहुधा चालू असते, आणि इंजिन चालू म्हणजे शीड वर असले तरी बोट यांत्रिक: तेव्हा दोन मिनिटांत एकच लांब. संचाच्या मेन्यूत दोन्ही वेगळे दिलेले असतात, चुकीचे निवडले जाते ते इथेच. मासेमारी करणारा ट्रॉलरही एक लांब, दोन आखूडच देतो, तेव्हा तो आवाज ऐकून समोर शिडाची बोट आहे असे धरून चालू नका.

जूनमध्ये बोट वर काढली की स्पीकरच्या तोंडावर मच्छरदाणीचा तुकडा बांधा. कुंभारीण माशी आत मातीचे घर करते, आणि ऑक्टोबरात भोंगा घोगरा निघाला तर वायर उसकटण्याआधी ते घर शोधा.