रात्रपाळी, गोळाभात आणि प्रभूचा आनंद

नागपूरच्या मेकोसाबागेत आमचं घर. मी 27 वर्षं नर्स आहे, त्यातली निम्मी रात्रपाळीत गेली. तीन वर्षांपूर्वी ह्यांना लकवा मारला. उजवा हात गेला, पाय गेला, बोलणं गेलं. भेटायला येणारे सांगायचे, "ताई, प्रभूमध्ये आनंद करा." मी मान हलवायची आणि स्वयंपाकघरात जाऊन रडायची. हा आनंद नेमका करायचा कसा, ते कोणी सांगत नव्हतं. मला जे हाती लागलं ते लिहिते, घरात आजारपण घेऊन बसलेल्यांसाठी.

आधी बायबलातल्या नहेम्याच्या पुस्तकाचा आठवा अध्याय सबंध वाचा. दहावं वचन एकटं तोडून घेऊ नका. यरुशलेमचा तट 52 दिवसांत उभा राहिला होता. सातव्या महिन्याच्या पहिल्या दिवशी लोक चौकात जमले, एज्रा शास्त्र्याने पहाटेपासून दुपारपर्यंत मोशेचं नियमशास्त्र वाचलं आणि ते ऐकून लोक रडू लागले. तेव्हा त्यांना सांगण्यात आलं की जा, चांगलंचुंगलं खा, गोड प्या, ज्याच्या घरी काही तयार नाही त्याला वाटा पाठवा. खिन्न होऊ नका, परमेश्वराचा आनंद हेच तुमचं बळ. हेच ते दहावं वचन. इथं 'बळ'साठी मूळ हिब्रू शब्द आहे 'माओझ', म्हणजे गड, आश्रयाची जागा. ड्युटीला जाताना सीताबर्डीच्या टेकडीवरचा किल्ला दिसतो, तेव्हा मला हे आठवतं. माणूस गडाचा आसरा घेतो तो संकट दारात आलं म्हणूनच. सगळं सुरळीत होईल तेव्हा आनंद करू, असं म्हणत मी किती महिने घालवले!

पहिलं काम रडण्याचं. बायबलातलं स्तोत्र 13 मोठ्यानं वाचा. सहाच वचनं आहेत, आणि पहिल्या दोनातच दावीद चारदा विचारतो, किती वेळ? शेवटी तो गातो, पण तिथं पोचायची घाई करू नका. मी आठ-दहा दिवस चौथ्या वचनापुढं गेले नाही. काटोलकडे माझ्या वडिलांची संत्र्याची बाग होती. आंबिया बहारासाठी ते थंडीत झाडांचं पाणी तोडायचे. त्याला ताण देणं म्हणतात. पानं मलूल व्हायची, मला भीती वाटायची. मग खत आणि पाणी दिलं की झाड फुलानं भरायचं. पण ताणानंतर पाणी द्यावंच लागतं, नाहीतर झाड वाळतं. रडल्यानंतर जेवा. नहेम्यातही तेच सांगितलंय.

दुसरं, गा. मन लागण्याची वाट बघू नका. फिलिप्पै शहराच्या तुरुंगात येशूचे प्रचारक पौल आणि सीला मध्यरात्री गात होते तेव्हा त्यांची पाठ फटक्यांनी सोललेली होती आणि पाय खोड्यात होते. आपल्याकडे तर नारायण वामन टिळकांची भजनं आहेत. 1893 मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका सहप्रवाशानं टिळकांच्या हाती बायबलचा नवा करार दिला. त्यांच्या ख्रिस्ती होण्याची ही गोष्ट आमच्या गावच्या रुळांवर सुरू झालेली, म्हणून मला ती भजनं जास्तच जवळची.

एका संध्याकाळी ह्यांचं अंग पुसता पुसता मी त्यातलंच एक गुणगुणत होते. दुसऱ्या ओळीला ह्यांचा आवाज आला. स्पष्ट शब्द! ज्या माणसाला चार महिने 'पाणी' म्हणता येत नव्हतं, तो सबंध कडवं गायला. मी नर्स आहे, मला कारण ठाऊक आहे. बहुतेकांची बोलण्याची केंद्रं मेंदूच्या डाव्या बाजूला असतात, गाण्याला उजव्या बाजूचाही आधार मिळतो, म्हणून डावी बाजू दुखावलेला रुग्ण कधी कधी बोलू शकत नाही पण गाऊ शकतो. वाचा-उपचारात ह्याचा उपयोगही करतात. कारण माहीत असूनही मी टॉवेल धरून तशीच बसून राहिले आणि प्रभूचे आभार मानले. तेव्हापासून रोज सहा वाजता आम्ही एक भजन गातो. एकच. दमलेल्या दिवशी अर्धं.

तिसरं मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं: वाटा पाठवा. दुःख माणसाला फक्त स्वतःच्या घराच्या चार भिंती दाखवतं. त्या आठवड्यात मी गोळाभात केला, डाळीच्या भरड्याचे गोळे, वरून हिंगाची फोडणी, आणि एक डबा शेजारच्या काकूंकडे नेला. त्यांचा मुलगा घर सोडून गेला होता. काकू दारातच म्हणाल्या, "काहून वं बाई, तुयाच घरी एवढं, अन् तू मले आणून राहिली?" मग दोघी बसलो, दोघी रडलो, आणि जेवलो. चार महिन्यांत पहिल्यांदा मला अन्नाची चव लागली.

रात्री झोपण्याआधी वहीत एक ओळ लिहा, पण नेमकी. 'सगळ्यासाठी आभार' नको. 'आज ह्यांनी चमचा स्वतः धरला' असं.

दोन गोष्टी मात्र सांभाळा. कोणाच्या घरी मयत झालेलं असेल तर तिथं "आनंद करा" म्हणू नका. रडणाऱ्यांबरोबर रडा, असं पौलानंच रोमकरांस पत्रात लिहिलंय. आणि आठवडेच्या आठवडे झोप नाही, जेवण नाही, जगणं नकोसं वाटतंय, असं असेल तर पाळकसाहेबांशी बोला आणि डॉक्टरकडेही जा. औषध घेतल्यानं विश्वास कमी ठरत नाही.

वाटा पाठवायला सणाची वाट पाहू नका, रविवारची उपासना आटोपली की तेवढं करा. डबा घट्ट झाकणाचा घ्या, फोडणी वेगळ्या वाटीत द्या, नाहीतर भात गिच्च होतो. आणि डबा ठेवून लगेच निघू नका, थोडं बसा. काकूंनी माझा डबा चौथ्या दिवशी परत केला. आत पाच संत्री होती, ह्यांच्यासाठी.