पहिला सीझन: मनगट, कंबर आणि टेबलाची उंची

कळंगुटच्या पट्ट्यातल्या एका हॉटेलात कमी-थ्री म्हणून, म्हणजे किचनमधला खालच्या पायरीचा कूक म्हणून लागलो, तेव्हा भीती होती भाजण्या-कापण्याची. भाजलं, कापलं, बरंही झालं. नडलं ते डावं मनगट.

ऑक्टोबरात पर्यटकांचा सीझन लागला. डाव्या हाताने पॅन उचलून झटकायचा, उजव्याने पळी चालवायची. नाताळच्या आठवड्यात तर मध्यरात्रीपर्यंत हेच. जानेवारीत अंगठ्याच्या मुळाशी ठणका सुरू झाला. सिनियर म्हणाले, "हात तयार होतोय रे, बाम लाव." महिनाभर बाम चोळला. मग एका रात्री शागुतीचा पॅन हातातून सुटला आणि डॉक्टर गाठावाच लागला. त्यांनी अंगठा मुठीत दाबून मनगट करंगळीच्या बाजूला वाकवायला सांगितलं. डोळ्यांपुढे काजवे! अंगठ्याच्या कंडरांभोवतीचं आवरण सुजलं होतं. दुखण्याचं नाव डी क्वेर्वेन. मनगटाला पट्टा, आणि तीन आठवडे पॅन बंद.

'हात तयार होतो' हे खोटं नाही. पण दमलेला हात झोपेनंतर हलका होतो. बिघडलेला सकाळीही धरलेलाच असतो. रात्री अंगठ्याला आणि शेजारच्या दोन बोटांना मुंग्या येत असतील, तर ते वेगळं दुखणं, तिथे मनगटातली नस दबते. दोन्हींत वाट बघू नका.

कंबरेचं म्हणाल तर दोष बहुधा टेबलाचा. चिरताना पाटाची पातळी कोपराच्या थोडी खाली हवी. मी उंच, टेबल ठेंगणं, म्हणून तासन् तास वाकून कांदा चिरायचो. आता जाड पाट घेतो, खाली ओलं फडकं घालतो आणि एक पाय टेबलाच्या खालच्या फळीवर आलटूनपालटून ठेवतो. आमच्यातला बुटका मुलगा क्रेट उलटा घालून उभा राहायचा. ते मात्र करू नका, ओल्या लादीवर क्रेट सरकतो. आणि 40 लिटरचा स्टॉक म्हणजे 40 किलो, वर टोपाचं वजन वेगळंच. एकट्याने उचलून मर्दानगी दाखवायची जागा ती नव्हे.

पगार 21,000 पर्यंत असेल तर ईएसआयचा, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्याचा नंबर पहिल्याच महिन्यात मागा. सहा महिन्यांच्या काळात 78 दिवसांची वर्गणी भरली गेली असेल, तर पुढे डॉक्टरी दाखल्यावर आजारपणात 70 टक्के पगार मिळतो, वर्षाला 91 दिवसांपर्यंत. माझ्या पगारातून कपात होत होती. नंबर मात्र मी मनगट बांधून ऑफिसात गेलो तेव्हा हातात पडला.