पित्ताची गोळी सकाळी, पातळ औषध जळजळ झाल्यावर

नाशिकमध्ये रविवारी झणझणीत मिसळ चापली की दुपारी छातीत जळजळ ठरलेली, आणि मग पँटोप्राझोल किंवा ओमेप्राझोलची गोळी घेतली जाते. ती वेळ चुकीची. ही गोळी आम्ल तयार होणंच कमी करते, म्हणून ती नाश्त्याआधी 30 ते 60 मिनिटं, न चावता, न फोडता घ्यायची. पूर्ण गुण यायला 1 ते 4 दिवस लागतात.

तोवर जळजळ झालीच तर डायजीनसारखं अँटासिड चालतं. ते पोटातलं आम्ल काही मिनिटांत शमवतं. दोन्हींत साधारण दोन तासांचं अंतर ठेवलेलं बरं.

खरी काळजी घ्यायची ती दुसऱ्या औषधांची. थायरॉईडच्या गोळीपासून अँटासिड चार तास लांब ठेवा. लोहाच्या आणि काही अँटिबायोटिक गोळ्याही त्यामुळे नीट शोषल्या जात नाहीत. किडनीचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अँटासिड नकोच. इनोमध्ये सोडियम असतं, बीपीवाल्यांनी लक्षात ठेवा.

काळी शौच, गिळायला त्रास असेल तर डॉक्टर गाठा. छातीतली कळ हाताकडे किंवा जबड्याकडे सरकली तर पित्त समजून घरी थांबू नका, 108 ला फोन करा.