कॅबिनेट उघडण्याआधी आणि नंतर : वर्कस्टेशनमध्ये ड्राइव्ह बसवायला शिकणाऱ्यांसाठी

सांगली-साताऱ्यात हार्डवेअरच्या दुकानात कामाला लागलेल्या मुलाच्या हातात पहिल्या आठवड्यातच एक काम येतं : "याच्यात एसएसडी टाक, पण जुन्यातलं काही जाता कामा नये." एसएसडी म्हणजे हार्ड डिस्कसारख्या फिरत्या तबकड्या नसलेली, चिपवर डेटा ठेवणारी ड्राइव्ह. स्क्रू पिळायला पाच मिनिटं लागतात. उरलेले तीन-चार तास ज्या गोष्टींत जातात, त्या कोर्समध्ये फारशा शिकवल्या जात नाहीत. म्हणून हे टिपण.

मशीन काउंटरवर आलं की स्क्रूड्रायव्हर नंतर, आधी चौकशी. कुपवाड एमआयडीसीतल्या कारखान्याचं मशीन असेल तर कॅडचं (डिझाइनच्या सॉफ्टवेअरचं) लायसन्स कशाला बांधलंय ते विचारा. काही लायसन्सं नेटवर्क कार्डाच्या पत्त्याला बांधलेली असतात, काही थेट डिस्कच्या व्हॉल्यूम सीरियलला, म्हणजे फॉरमॅट करताना पडणाऱ्या नंबराला. दुसऱ्या प्रकारात नव्या ड्राइव्हवर कोरं विंडोज टाकलं की सॉफ्टवेअर उघडतच नाही. मार्केट यार्डातल्या हळदीच्या किंवा बेदाण्याच्या पेढीचं असेल तर टॅलीचं लायसन्स फॉरमॅटच्या आधी सरेंडर करून घ्यायचं आणि डेटाचा पाथ लिहून ठेवायचा. पाथ नेहमी सी ड्राइव्हवरच असतो असं नाही. लग्नपत्रिका-फ्लेक्सवाल्याचं असेल तर विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरची आधी कॉपी घ्या. फॉन्ट गेले की वीस वर्षांच्या कोरलच्या फाइली उघडतात, पण मजकुराच्या जागी अगम्य चिन्हं दिसतात, आणि त्याचा दोष तुमच्या माथी येतो.

बिटलॉकर (डिस्कला कुलूप घालणारं विंडोजचं एन्क्रिप्शन) चालू आहे का, हेही याच वेळी बघायचं. विंडोज ११ च्या कित्येक मशीनवर मालकाच्या नकळत एन्क्रिप्शन चालू झालेलं असतं. ४८ अंकी रिकव्हरी की हातात असल्याशिवाय बायोसमधलं (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमधलं) काही हलवू नका. की सहसा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते, पण ते खातं कुणी, कुठल्या मोबाइल नंबरवर काढलं, हे शोधण्यात अर्धा दिवस जाऊ शकतो.

आता ड्राइव्ह ओळखणं. साडेतीन इंची हार्ड डिस्क आणि अडीच इंची साटा एसएसडी ओळखायला त्रास नाही. घोळ होतो एम-डॉट-टूमध्ये, म्हणजे थेट मदरबोर्डवर बसणाऱ्या पट्टीसारख्या एसएसडीत. तीच पट्टी, २२ मिलिमीटर रुंद, ८० मिलिमीटर लांब, म्हणून लेबलवर २२८०. पण आत साटा असू शकतं किंवा एनव्हीएमई. हे डेटा नेण्याचे दोन मार्ग, पहिला जुना आणि हळू, दुसरा नवा आणि वेगवान. सोनेरी दातांकडे बघा : दोन खाचा असतील तर ती बहुतेक साटा, एकच खाच असेल तर एनव्हीएमई. "बहुतेक" म्हणायचं कारण, जुन्या काही एनव्हीएमईंनाही दोन खाचा आहेत. शेवटचा शब्द लेबलचा. उलट बाजूने, स्लॉट काय घेतो ते मदरबोर्डच्या मॅन्युअलमध्येच कळतं. फक्त एनव्हीएमई घेणाऱ्या स्लॉटमध्ये साटाची पट्टी अगदी छान बसते, आणि बायोसमध्ये कधीच दिसत नाही.

मॅन्युअल उघडलंच आहे तर आणखी एक ओळ शोधा. कित्येक बोर्डांवर एखादा एम-डॉट-टू स्लॉट भरला की ठरावीक साटा पोर्ट बंद पडतात, कारण दोघांची लेन (डेटाची वाट) एकच असते. नवीन एसएसडी टाकल्यावर जुनी डी ड्राइव्ह गायब झाली तर ती मेलेली नसते. केबल दुसऱ्या पोर्टला लावली की परत येते.

वेगाबद्दल गिऱ्हाइकाला खरं सांगा. साटा साधारण साडेपाचशे एमबी सेकंदाला, त्यापुढे नाही. एनव्हीएमई तिसऱ्या पिढीच्या स्लॉटवर साडेतीन हजारांच्या आसपास, चौथ्या पिढीवर सात हजारांच्या. चौथ्या पिढीची ड्राइव्ह तिसऱ्या पिढीच्या बोर्डात चालते, पण बोर्डाच्या वेगाने. टॅली आणि ब्राउझर वापरणाऱ्याला साटा आणि एनव्हीएमईत डोळ्यांना कळेल असा फरक क्वचितच पडतो. फरक पडतो तो हार्ड डिस्कवरून एसएसडीवर येताना. तिथे महागडी ड्राइव्ह गळ्यात मारू नये, असं आमचं मत.

बसवायला घेताना वायर काढा आणि पॉवरचं बटण एकदा दाबून धरा, म्हणजे आत साठलेला करंट उतरतो. हार्ड डिस्क चालू होती तर अर्धं मिनिट थांबा, आतल्या तबकड्या फिरायच्या थांबू द्या. अंगातला स्टॅटिक उतरवायला कॅबिनेटच्या रंग नसलेल्या पत्र्याला हात लावा. पावसाळ्यात याची तितकी गरज भासत नाही, पण डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या हवेत स्वेटर घालून काम करत असाल तर रिस्ट स्ट्रॅप वापराच. वायर लावलेली असताना पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर तो स्टॅटिक नव्हे. त्या जागेचं अर्थिंग गेलंय. मल्टिमीटरने न्यूट्रल आणि अर्थमधला व्होल्टेज मोजा. तीन व्होल्टच्या वर दिसला तर आधी वायरमन बोलवायला सांगा, नाहीतर नवीन ड्राइव्हही खराब होऊ शकते.

स्क्रू तीन जातीचे. साडेतीन इंचीला जाड आट्यांचा, ज्याला सिक्स-थर्टीटू म्हणतात. अडीच इंचीला बारीक आट्यांचा एम-थ्री. एम-डॉट-टूला इवलासा एम-टू. जाड स्क्रू अडीच इंचीच्या भोकात दोन फेरे जातो आणि मग अडतो. तिथे जोर लावला की आटे गेले. हार्ड डिस्कला लांब स्क्रू लावला तर तो आतल्या सर्किट बोर्डाला टेकू शकतो. एम-टूचा स्क्रू मदरबोर्डच्या खोक्यात येतो आणि खोकं गिऱ्हाइकाने दिवाळीच्या साफसफाईत टाकलेलं असतं. त्यामुळे डबीत दहा-वीस शिल्लक असू द्या.

एम-डॉट-टू बसवताना पट्टी साधारण तीस अंशांच्या कोनात सरकवायची. पूर्ण आत गेली की सोनेरी दात जवळजवळ दिसेनासे होतात. दोनएक मिलिमीटर सोनेरी पट्टा दिसत असेल तर ती बसलेली नाही, आणि तशीच दाबून स्क्रू लावला तर कधी दिसेल, कधी दिसणार नाही. मग मागचं टोक बोटाने हलकं दाबून स्क्रू लावायचा. हीटसिंक असेल तर त्याच्या पॅडवरचा पातळ पारदर्शक किंवा निळा कागद काढायचा. हा कागद तसाच राहणं ही नवख्यांची सगळ्यात नेहमीची चूक. ड्राइव्ह चालते, बेंचमार्कही पहिल्या मिनिटाला झकास येतो. मोठी व्हिडिओ फाइल कॉपी व्हायला लागली की ती तापते आणि स्वतःच वेग पाडते. सांगलीच्या एप्रिलमध्ये, ग्राफिक्स कार्डाखालच्या स्लॉटमध्ये, हे हमखास होणार.

साटाची डेटा केबल काढताना तिची पत्र्याची क्लिप दाबून सरळ ओढा. तिरकी ओढली की ड्राइव्हच्या कनेक्टरमधली प्लॅस्टिकची एल आकाराची जीभ तुटते, आणि मग चांगली ड्राइव्ह भंगारात.

पॉवरच्या बाबतीत दोन गोष्टी मनावर कोरून ठेवा. मॉड्युलर एसएमपीएसच्या (केबली सुट्या होणाऱ्या पॉवर सप्लायच्या) केबली एका कंपनीच्या दुसऱ्या कंपनीला लावू नका. ड्राइव्हकडचं टोक सगळ्यांचं सारखं, पण एसएमपीएसकडच्या टोकाला वायरींची जागा वेगळी असू शकते. पाच व्होल्टच्या जागी बारा गेले की एकाच क्षणात सगळ्या ड्राइव्ह जातात, डेटासकट. दुसरी : मोलेक्सवरून (जुन्या चार पिनांच्या पॉवर कनेक्टरवरून) साटा करणारं स्वस्त, एकसंध ओतीव प्लॅस्टिकचं कनव्हर्टर वापरू नका. आतल्या वायरी एकमेकींना चिकटून ते पेटल्याची उदाहरणं आहेत. ज्याच्या वायरी वेगवेगळ्या घट्ट दाबलेल्या दिसतात, ते घ्या.

डेलच्या कित्येक ब्रँडेड मशीनमध्ये एसएमपीएसला साटाची वायरच नसते. ड्राइव्हला पॉवर मदरबोर्डवरच्या छोट्या सॉकेटमधून येते आणि त्याची केबल वेगळी मागवावी लागते. गिऱ्हाइकाला वेळ देण्याआधी कॅबिनेट उघडून हे बघा. आणखी एक फसवा प्रकार सर्व्हरमधून काढलेल्या मोठ्या हार्ड डिस्कचा. काहींमध्ये तिसऱ्या पिनवर ३.३ व्होल्ट आले की डिस्क मुद्दाम बंद राहते. डिस्क फिरतच नाही, मुलगा म्हणतो "डेड आहे." त्या पिनवर कॅप्टॉन टेपची (वीज अडवणाऱ्या पातळ टेपची) बारीक पट्टी लावली की ती सुरू होते.

ड्राइव्ह बसली, आता बायोस. इथे एकच शब्द महत्त्वाचा : मोड. साटाचा मोड एएचसीआय (एकेकट्या ड्राइव्हचा साधा मोड) आहे की रेड (RAID, ड्राइव्ह एकत्र जोडून चालवायचा मोड), आणि इंटेलच्या अकराव्या पिढीच्या प्रोसेसरपासून पुढे व्हीएमडी (एनव्हीएमई ड्राइव्ह सांभाळणारी इंटेलची सोय) चालू आहे की बंद, याचा फोटो काढून ठेवा. व्हीएमडी चालू असेल तर विंडोजच्या इन्स्टॉलरला एनव्हीएमई दिसतच नाही. इंटेलचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवर ठेवून तिथे लोड करायचा, किंवा कोरं विंडोज टाकत असाल तर व्हीएमडी बंद करायचं.

फोटो का, ते सांगतो. बोर्डावरचा सीआर-२०३२ सेल संपला की बायोस मूळ सेटिंगवर जातो. डेलच्या बऱ्याच मशीनवर मूळ सेटिंग रेड असतं. काल एएचसीआयवर चालणारं विंडोज आज निळी स्क्रीन देतं. नवखा म्हणतो हार्ड डिस्क गेली, आणि फॉरमॅट मारतो. प्रत्यक्षात तीस-चाळीस रुपयांचा सेल आणि एक सेटिंग, एवढंच काम असतं.

विंडोज टाकताना ज्या ड्राइव्हवर टाकायचं तीच जोडलेली ठेवा. बाकीच्यांच्या केबली काढा. नाहीतर इन्स्टॉलर बूटचं पार्टिशन जुन्या हार्ड डिस्कवर ठेवू शकतो, आणि दोन वर्षांनी ती काढली की नवीन एसएसडीवरचं विंडोज सुरू होत नाही.

डेटासाठीची नवीन ड्राइव्ह डिस्क मॅनेजमेंटमध्ये इनिशियलाइज करायची. एमबीआर की जीपीटी विचारेल (पार्टिशनची नोंद ठेवायची जुनी पद्धत की नवी), जीपीटी निवडा. एमबीआरला दोन टीबीच्या वरची जागा दिसत नाही. बूटची जुनी डिस्क एमबीआरवर असेल तर विंडोजमधल्याच एमबीआर-टू-जीपीटी टूलने बदलता येते, मग बायोस यूईएफआयवर (बूटच्या नव्या पद्धतीवर) न्यायचा. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपल्यापासून हे काम वाढलंय, कारण विंडोज ११ ला यूईएफआय लागतं. इथे एक सावधगिरी. ज्या ड्राइव्हमध्ये डेटा असायला हवा, तीच इनिशियलाइज करू का असं विंडोजने विचारलं, तर कॅन्सल. काही झालं तरी कॅन्सल. एक टीबीची ड्राइव्ह विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसते. कंपनी हजाराच्या हिशेबाने मोजते, विंडोज १०२४ च्या. बिल देतानाच हे सांगून टाका.

क्लोनिंगला (जुनी डिस्क जशीच्या तशी नव्या ड्राइव्हवर उतरवायला) बसण्याआधी जुन्या डिस्कची तब्येत क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये बघा. ०५, सी५ आणि सी६ या ओळींची रॉ व्हॅल्यू शून्य नसेल तर डिस्कचे सेक्टर जायला लागलेत. अशा डिस्कवर क्लोनिंगचं सॉफ्टवेअर तासन्‌तास अडकतं आणि प्रत्येक प्रयत्नात डिस्क आणखी खचते. आधी गिऱ्हाइकाच्या अत्यंत गरजेच्या फाइली काढा, मग लिनक्समधल्या डीडीरेस्क्यूने बाकीची इमेज घ्या. सी७ वाढत असेल तर गोष्ट वेगळी. ती सीआरसीची (डेटा नेताना झालेली) चूक, म्हणजे जवळजवळ नेहमी केबल. नवीन केबल लावा, आकडा तिथेच थांबतो का बघा. जुना आकडा शून्य होत नाही, त्याने घाबरू नका.

हार्ड डिस्कवरून चारशे जीबी काढायला सेकंदाला १२० एमबीचा वेग धरला तर जेमतेम तास लागतो. पण त्यात छोट्या फोटोंचे लाखभर तुकडे असतील तर तीन तासही. "अर्ध्या तासात या" असं सांगू नका. क्लोन झाल्यावर पहिलं बूट जुनी डिस्क काढूनच करा. सी ड्राइव्ह मोठी करता येत नसेल तर मध्ये रिकव्हरी पार्टिशन आडवं आलंय. ते टूलने शेवटी सरकवावं लागतं.

हार्ड डिस्कची जोडी मिररमध्ये (दोन्हींवर तोच डेटा) लावायची असेल तर ती सीएमआर जातीची घ्या. एसएमआर डिस्कमध्ये डेटाचे पट्टे एकमेकांवर चढलेले असतात, त्यामुळे ती रीबिल्डच्या वेळी (बदललेल्या डिस्कवर डेटा पुन्हा भरताना) रेंगाळते. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या २ ते ६ टीबीच्या 'रेड' (Red) नावाच्या काही ड्राइव्ह एसएमआर असल्याचं उघड झालं होतं, तेव्हा नुसत्या नावावर जाऊ नका, मॉडेल नंबर तपासा. आणि मिरर असला तरी बॅकअपची डिस्क वेगळीच लागते. डिलीट केलेली फाइल मिररमध्ये दोन्हीकडून जाते.

आपल्या भागाचा म्हणून एक प्रकार. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट, २०१९ च्या महापुरात पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. अशा पुरानंतर चिखलात बुडालेल्या मशीनी येतात. त्यातल्या हार्ड डिस्कला पॉवर देऊन बघायचा मोह आवरा. उन्हात वाळवूही नका, गाळ तबकड्यांवर सुकून चिकटतो. ओलसर आहे तशी झिपच्या पिशवीत बंद करून क्लीन रूम असलेल्या डेटा रिकव्हरी लॅबला पाठवायची. कॅबिनेट जमिनीऐवजी टेबलावर ठेवा, हे मात्र प्रत्येक गिऱ्हाइकाला फुकटात सांगण्यासारखं आहे.

काढलेली जुनी डिस्क लगेच फॉरमॅट करून दुसऱ्या मशीनमध्ये टाकायची नाही. तिच्यावर कागदी पट्टी चिकटवा : तारीख, जॉबशीट नंबर, "क्लोन झाला, तपासायचं बाकी." ती गिऱ्हाइकाच्याच हातात द्या आणि पंधरा दिवस कपाटात ठेवायला सांगा. महिन्याचा जीएसटीचा रिटर्न भरताना काहीतरी सापडत नाही असा फोन येतो, तो याच पंधरा दिवसांत.